भांडगावची वाट आणि चेनीचे वंगण

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन ही गावे एकामागून एक मागे पडतात आणि यवत ओलांडून थोडे पुढे गेले म्हणजे भांडगाव लागते. पुण्यापासून हे अंतर सुमारे ५० किलोमीटर भरेल. गाव दौंड तालुक्यात मोडते. दक्षिणेस भुलेश्वराच्या डोंगरांची रांग, उत्तरेस पुणे-दौंड लोहमार्ग व त्याच्या पलीकडे मुळा-मुठा आणि भीमा ह्या नद्यांचे सुपीक खोरे, आणि मधून हा अखंड वाहणारा रस्ता, अशी गावाची ठेवण आहे. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात श्रीतुकोबारायांची पालखी पंढरीस जाते, ती यवत व वरवंड ह्या दोन मुक्कामांच्या मधली वाटचाल करताना येथूनच पुढे होते. त्या दिवशी ह्या रस्त्यावर टाळमृदंगाखेरीज दुसरा आवाज ऐकू येत नाही. एरवी वर्षभर मात्र येथे यंत्रांचेच राज्य आहे.

भूमी पर्जन्यछायेची. पाऊस बेताचा आणि तोही लहरी. त्यामुळे वर्षाचे सात-आठ महिने धूळ हीच येथली कायमची रहिवासी होय. परंतु खडकवासल्याच्या कालव्याने ह्या तालुक्यास पाणी दिले आणि त्या पाण्यामागून ऊस आला. उसामागून गुऱ्हाळे आली, गोठे आले, दुधाचा व्यापार आला. शेतातल्या कालव्याच्या कडेने जाणाऱ्या वाटा ओल्या चिखलाच्या, त्यांच्यापुढच्या वाटा कोरड्या फुफाट्याच्या, आणि गुऱ्हाळाच्या अंगणात काकवीने व मळीने चिकट झालेली जमीन, असे तीन प्रकारचे भूतल येथील माणसास एकाच सकाळी तुडवावे लागते. ही गोष्ट पुढील विवेचनास महत्त्वाची असल्यामुळे वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

माझ्या भाच्याचे घर ह्या गावच्या शिवारात आहे. तीन भाऊ, त्यांची कुटुंबे, वृद्ध आई आणि शाळेत जाणारी मुले असा एकत्र संसार आहे. त्या संसारास एकच मोटारसायकल. पहाटे तिच्या दोहो बाजूंस दुधाच्या किटल्या टांगून ती दूधसंकलन केंद्रावर जाते. तेथून परतली की मुलांना शाळेस पोहोचविते. दुपारी खताची गोणी, संध्याकाळी बाजाराची पिशवी, आणि अडीअडचणीला आजीस दवाखान्यात नेणे हेही तिच्याच माथी असते. दिवसाकाठी तीस किलोमीटर तरी तिला घडतात. पूर्वी जे काम खिल्लारी बैलांची जोडी करीत असे, त्यातील अर्धेअधिक आज हे दोन चाकांचे वाहन करिते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

बैलांचा उल्लेख आला म्हणून एक विचार मनात येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे हळद व लोण्याने किंवा तेलाने मळतो. बैलाची शिंगे तो रंगवितो, पाठीवर झूल घालितो. परंतु स्नेह लावावयाचा तो खांद्यास. कारण जू घासते ते तेथे. जेथे घर्षण आहे तेथे स्नेह पोहोचला पाहिजे, हे शास्त्र आमच्या कुणब्यास कोणी शिकवावे लागले नाही. बैलगाडीच्या खाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे, तेही ह्याच बुद्धीने. मात्र मोटारसायकल घरात आली आणि हे जुने शहाणपण दाराबाहेरच राहिले. दसऱ्यास तिला झेंडूची माळ घालितात, हळदकुंकू वाहतात, आणि ज्या ठिकाणी तिचे जू घासते ती चेन मात्र तांबेरलेली, कोरडी, कुरकुरणारी असते!

चेन म्हणजे काय, हे जरा पाहू. यंत्राची शक्ती मागच्या चाकास पोहोचविणारी ही लोखंडी साखळी दिसावयास साधी, पण रचनेने फार कुशल आहे. हान्स रेनॉल्ड ह्या नावाचा एक स्विस गृहस्थ इंग्लंडात मँचेस्टर येथे स्थायिक झाला होता. त्याने १८८० साली आज सर्वत्र दिसणारी ही चेन सिद्ध केली. तिच्या प्रत्येक सांध्यात मध्ये एक खिळा असतो, त्यावर एक पोकळ नळी आणि त्या नळीवर फिरणारे एक लहानसे रूळ. खिळ्यावर पडणारा भार नळीमुळे सबंध रुंदीभर वाटला जातो आणि रूळ दात्यांवर घासत न जाता त्यांवर फिरत जाते. घरगुती मोटारसायकलीच्या चेनीत दोन सांध्यांमधील अंतर बहुधा १२.७ मिलिमीटर म्हणजे अर्धा इंच असते आणि असे शंभराच्या आसपास सांधे मिळून ती पुरी होते.

आता गंमत अशी की, चेन लांबली, असे आपण म्हणतो तेव्हा पोलाद ताणले गेलेले नसते. खिळा आणि नळी ह्यांच्यामध्ये, म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या जागी, झीज झालेली असते. एका सांध्यात एक दशांश मिलिमीटर झीज झाली तर ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु शंभर सांध्यांची ती झीज एकत्र केली म्हणजे चेन तब्बल १० मिलिमीटरांनी वाढते. मग ती दात्यांवर नीट बसत नाही, दाते विळ्याच्या टोकासारखे वाकडे होतात, आणि वाकडे दाते उरलीसुरली चेन खाऊन टाकतात. म्हणूनच वंगणाचा खरा मुक्काम चेनीच्या बाह्यांगावर नसून ह्या अंतर्गृहात आहे. बाहेरून काळे कुळकुळीत तेल थापून चेन चकचकीत केली आणि आत एक थेंबही शिरला नाही, तर तो खटाटोप व्यर्थ होय.

संस्कृतात तेलास ‘स्नेह’ म्हणतात आणि मायेसही ‘स्नेह’च म्हणतात, हे सर्वांस ठाऊक आहे. ह्याहून मार्मिक गोष्ट चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे महत्त्व सांगताना आचार्य घट, कातडे आणि गाडीचा आस ह्यांचे दृष्टांत देतात. ही तिन्ही स्नेहाने दृढ व कष्ट सोसणारी होतात, तसेच शरीर होय, असा त्याचा भाव आहे. पुढे विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश गुरूंस आयुष्याविषयी प्रश्न विचारितो, तेव्हा अकालमृत्यू म्हणजे काय हे समजाविण्यास पुन्हा गाडीचा आसच उपयोगी पडतो. चांगल्या गुणांचा आस रीतीने चालविला तर आपले प्रमाण संपल्यावरच झिजून जातो. परंतु अतिभार, विषम वाट, आडवाट, चाक मोडणे, बैलाचा किंवा हाकणाराचा दोष, खीळ निसटणे, वंगण न मिळणे आणि गाडी उलटणे ह्या कारणांनी तोच आस मध्येच संपतो. ह्या यादीतील पुष्कळशी कारणे भांडगावच्या त्या एका मोटारसायकलीस रोज लागू पडतात. तिच्यावर किटल्यांचा अतिभार आहे, तिला कालव्याकाठची विषम वाट आहे, आणि वंगणाचा अभावही आहे. पैकी पहिली दोन कारणे संसाराने लादलेली आहेत. ती टळणे कठीण. तिसरे मात्र सर्वस्वी आपल्या हातचे आहे.

ही केवळ पैशाची बाब नव्हे. गेल्या भाद्रपदात शेजारच्या एका तरुणाची ढिली झालेली कोरडी चेन हमरस्ता ओलांडण्याच्या ऐन वेळी दात्यांवरून उतरली आणि मागच्या चाकाशी अडकून बसली. चाक जागच्या जागी थांबले. किटल्या उपड्या झाल्या, दूध रस्त्यावर सांडले, आणि मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाने वेळीच गाडी आवरली म्हणून तो तरुण सुखरूप घरी आला. ज्या रस्त्यावरून रात्रंदिवस अवजड वाहने धावतात, तेथे अशा प्रसंगी दुसरी संधी क्वचितच मिळते. त्या संध्याकाळपासून भाच्याच्या घरात चेनीची चर्चा सुरू झाली, आणि मी तेथे आठ दिवस राहिलो होतो त्यामुळे ती सर्व माझ्या कानांवर आली.

पहिला प्रश्न असा निघाला की वंगण कोणते घ्यावे. घरात चार मते होती. थोरल्या भावाचे म्हणणे, इंजिनातून काढलेले काळे तेल फुकट असते, तेच ओतावे. आजीचे मत गोड्या तेलाकडे. मधल्याने ग्रीसचा डबा आणला होता. धाकटा म्हणे, बाजारात फवाऱ्याचा डबा मिळतो तोच खरा. ह्या चारही मतांची परीक्षा करू.

इंजिनातून काढलेले तेल आपले आयुष्य संपवून बाहेर आलेले असते. त्यात काजळी असते, धातूचे सूक्ष्म कण असतात, आणि जळणापासून उत्पन्न झालेली आम्ले असतात. ते चेनीस घालणे म्हणजे सांध्यात वंगणाबरोबर कानसही घालणे होय. गोडे तेल किंवा खोबरेल आरंभी ठीक वाटते, परंतु वनस्पतींची तेले हवेने व उष्णतेने चिकट होत जातात आणि अखेर गोंदासारखी बसतात. ग्रीस दाट असल्यामुळे खिळा व नळी ह्यांच्यामधील बारीक फटीत शिरतच नाही. ते बाहेर बसते आणि भांडगावची धूळ आपल्याकडे ओढून घेते. धूळ आणि ग्रीस मिळून जो लेप तयार होतो, तो पाट्यावरच्या वाटणासारखा दाते घासून काढितो.

उरली दोन खरी वंगणे. एक, गिअरचे दाट तेल, ज्याच्या डब्यावर ९० हा आकडा असतो. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत ह्याच जातीचे तेल सांगितलेले आढळते. ते स्वस्त आहे, आत शिरते, पावसात गंजापासून राखते. मात्र जास्त झाले तर चाक फिरताना उडते आणि धूळ धरिते. दुसरे, चेनीसाठी मुद्दाम केलेले फवाऱ्याचे वंगण. त्यात वंगणास पातळ करणारा एक द्रव असतो. तो वंगणास आत नेऊन पोहोचवितो आणि स्वतः उडून जातो. मागे चिवट थर राहतो. त्यातही मेणाच्या जातीचे वंगण कोरडे बसते व धूळ कमी धरिते, म्हणून माघ ते ज्येष्ठ ह्या फुफाट्याच्या महिन्यांत ते सोयीचे. पावसाळ्यात व कालव्याच्या चिखलात तेलाचेच वंगण बरे, कारण ते पाण्यास हटविते. तात्पर्य, वंगणाची निवड दुकानदारास विचारून न करिता वाटेस विचारून करावी. गंजलेले स्क्रू सोडविण्याचा जो पातळ फवारा घरोघर असतो, तो पाणी घालवावयास चांगला. पण चेनीचे टिकाऊ वंगण म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

येथे आणखी एक भेद सांगितला पाहिजे. मोठ्या शक्तीच्या गाड्यांच्या उघड्या चेनीत बहुधा प्रत्येक सांध्यास रबराची बारीक कडी बसविलेली असते आणि तिच्या आत कारखान्यातच वंगण कोंडलेले असते. तेथे आपण लावितो ते वंगण रूळ, दाते आणि त्या कड्या ह्यांच्या रक्षणासाठी. अशी चेन पेट्रोलने धुवू नये व तारेच्या ब्रशाने खरवडू नये; कड्या खराब झाल्या की आतले वंगण गेलेच. पेट्रोल तर कोणत्याच चेनीस नको, कारण ते क्षणात पेट घेते. घरगुती लहान गाड्यांची साधी चेन पुष्कळदा पूर्ण आवरणात असते. झाकली आहे म्हणून ती सुरक्षित, असा समज होतो आणि वर्षानुवर्षे कोणी तिचे तोंड पाहत नाही. त्या आवरणास रबरी बूच असलेले एक भोक असते. ते काढून आत पाहण्याची तसदी घ्यावी.

आता कृती. गाडी नुकतीच फिरून आलेली, चेन किंचित कोमट असावी. अशा वेळी वंगण सहज आत उतरते. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करावे, आणि किल्ली काढून खिशात ठेवावी. चालू इंजिनावर चाक फिरवून चेन पुसणे हा बोटे गमावण्याचा राजमार्ग आहे. मुलांना तर ह्या वेळी जवळ फिरकू देऊ नये. प्रथम जुना मळ काढावा. पूर्वी रॉकेल वापरीत. ते आता सहज मिळत नाही, तरी चेन धुण्याचा द्रव दुकानात मिळतो. मऊ ब्रशाने चारी अंगांनी घासावे, चिंधीने पुसावे आणि चेन पुरती वाळू द्यावी. ओल्या चेनीवर तेल घालणे म्हणजे पाण्यास आत कोंडणे होय. पूर्ण आवरण असेल तर ही सफाई महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मिस्त्रीकडून आवरण उतरवून करून घ्यावी.

मग वंगण. चेनीचा खालचा पदर मागच्या चाकाकडे जातो, तेथे त्याच्या आतल्या अंगास वंगण घालावे. चाक हाताने सावकाश मागे फिरवावे. आतून घातलेले वंगण चेन दात्यांवरून वळताना बाहेरच्या दिशेस फेकले जाते आणि त्या ओघात सांध्यांतून पार होते. बाहेरून घातलेले तेल नुसतेच उडून जाते. डाव्या पट्ट्यांच्या फटीवर एक फेरी, उजव्या पट्ट्यांच्या फटीवर दुसरी, आणि मध्ये रुळांवर तिसरी. सांध्यास एक थेंब पुरे. पाव तासाने कोरड्या चिंधीने बाहेरचे सर्व तेल पुसून घ्यावे. चेन हातास तेलकट लागावी, ओली लागू नये. टायरावर किंवा ब्रेकवर थेंब गेला असेल तर तो तत्काळ धुवून काढावा, कारण तेथील तेल म्हणजे घसरण. शक्य तर हे काम संध्याकाळी करून गाडी रात्रभर उभी ठेवावी. वंगणास मुरावयास वेळ मिळतो.

वंगणानंतर ढिलाई पाहावी. खालच्या पदराच्या मध्यावर बोटाने चेन वरखाली करावी. लहान गाड्यांत ही हालचाल साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी. नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतो, तो प्रमाण मानावा. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी पाहावे. एके ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे ढिली असेल तर झीज सर्वत्र सारखी नाही, असे समजावे. चेनीच्या जोडाला चिमट्याचे कुलूप असेल तर त्या चिमट्याचे बंद टोक चेन धावते त्या दिशेस आहे ना, हेही पाहावे. उलटे बसविलेले कुलूप उघडण्याची भीती असते. दाते वाकडे दिसू लागले तर चेन आणि दोन्ही दातेरी चाके एकदमच बदलावी. जुन्या दात्यांवर नवी चेन घालणे ही काटकसर नव्हे.

इतके सर्व ठरले, तरी खरा प्रश्न पुढेच होता. गाडी तिघा भावांची. थोरल्यास वाटे, दुधाची फेरी मधला करितो, तो पाहील. मधल्यास वाटे, शाळेची फेरी धाकट्याची. धाकटा म्हणे, ती माझ्या हाती येते तेव्हा दिवस उजाडलेला असतो, वेळ कोठे आहे? एकत्र कुटुंबात जी वस्तू सर्वांची असते, तिची काळजी बहुधा कोणाचीच नसते. विहिरीचा रहाट, माजघराचे बिजागर, देवघराच्या मागची गळकी कौले ह्यांचे दैव आपण घरोघर पाहतो. चेन त्यांचीच भावंड. भांडण झाल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही, आणि भांडण झाले म्हणजे लक्ष चेनीकडे नसून एकमेकांकडे असते.

हा तिढा सोडविला तो मधल्या सूनबाईने. “मामा, ही चेन रोज पहाटे कुरकुरते, ते मी चुलीपुढे बसून ऐकते,” असे ती मला म्हणाली. “बैल लंगडला तर सगळे घर धावते. ही लंगडली तर कोणी विचारत नाही. दर एकादशीला हे काम मीच करीन. फक्त मला सामान आणून द्या.” थोरल्या भावाने प्रथम हसून बाजूस सारिले, पण आजीने मान हलविली आणि निर्णय झाला. तिथीची ही निवड मला फारच समर्पक वाटली. एकादशी पंधरा दिवसांनी येते. दिवसास तीस किलोमीटर धरले तर तितक्या अवधीत साडेचारशे किलोमीटर होतात, आणि साधारणतः पाचशे किलोमीटरांच्या आत चेनीस वंगण मिळावे, असा जाणत्यांचा संकेत आहे. पावसात किंवा चिखलात गाडी भिजली तर मात्र तिथीची वाट न पाहता त्याच संध्याकाळी पुसून वंगण द्यावे. पालखीच्या वाटेवरील गावात एकादशी विसरणारा मनुष्य सापडणे कठीण. पंचांगच येथे कामाचे स्मरणपत्र झाले.

त्याप्रमाणे पुढील एकादशीस उन्हे उतरल्यावर अंगणात गोणपाट अंथरले गेले. थोरल्या भावानेच आपण होऊन गाडी स्टँडवर चढविली. मधल्याने चाक फिरविले. धाकट्याने चिंध्या फाडल्या. मुले आजीच्या ताब्यात ओटीवर बसली होती. घरातील मंडळींस त्या दिवशी उपवास होता, चेनीचे पारणे मात्र उपवासाच्या दिवशीच फिटले! दुसऱ्या पहाटे किटल्यांचा आवाज ऐकू आला, फाटक वाजले, आणि गाडी निघून गेली ती केव्हा, हे ओटीवर झोपलेल्या कोणासही कळले नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे सामाईक वाहन असेल, त्यांनी आज एक गोष्ट करून पाहावी. गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने एकदा फिरवावे आणि कान द्यावा. कुरकुर ऐकू आली तर वंगणाच्या आधी एवढे ठरवावे की ते घालणारे हात घरात कोणाचे.